गाडीतली आईची जागा

शहापूर, बेळगाव
सोमवार, ता. ४ नोव्हेंबर १९८५

ती. कृष्णातदादास,
विशाखाचा सविनय जयभीम वि. वि.

काल निपाणीत आपल्या घरी जे झालं ते क्रमानं लिहिते. आप्पांचंही पत्र तुला येईल, आणि त्यात ते थोडं वेगळं असेल.

१. मष्णू दलालानं पाहून दिलेली मॅटाडोर सकाळी दारात आली. आप्पांनी मला न विचारता विसार देऊन टाकला होता आणि भरमा सुताराकडून आत खाटही बसवून घेतली होती.
२. गाडी आप्पा स्वतः चालवत आले. गल्लीत वळताना उजव्या बाजूचा आरसा विजेच्या खांबाला घासला. खांब पूर्वी मागं होता, असं आप्पा म्हणाले.
३. आईला फळीवर झोपवून चौघांनी उचललं. गाडीच्या मागच्या दारातून पाय आधी आत जातात आणि आपल्या दारात फळी फिरवायला जागा नाही, त्यामुळे पाय पुढं करून बाहेर काढावं लागलं.
४. उंबऱ्यावर आईनं चौकट दोन्ही हातांनी धरली.
५. हात सोड म्हणून सगळ्यांनी सांगितलं. तिनं सोडले नाहीत. मला परत ठेवा, एवढंच म्हणाली.
६. तिला परत खाटेवर ठेवलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं.
७. आप्पा जाऊन गाडीत बसले. दुपारी जेवायलाही उतरले नाहीत. ताट मी गाडीत नेऊन दिलं.

यात तुझेही पैसे आहेत म्हणून बाकीचंही लिहिते. मिरजेच्या डॉक्टरांच्या मते आईच्या मणक्याचा क्षय पूर्ण बरा झाला आहे. पण तिला ताठ बसणं जमत नाही. धरून चार पावलं टाकते, लोड लावून अर्धवट टेकून राहते, बाकी वेळ आडवी. तीन वर्षांत ती आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंतही गेलेली नाही. रेल्वेचा बाक तिला चालत नाही, धर्मशाळेची फरशी चालत नाही. म्हणून आप्पांच्या डोक्यात ही चालती खोली आली: आत खाट, वातीचा स्टो, पाण्याचं पिंप, पडदा लावून आंघोळीची सोय. त्यात आईला घालून सांची, सारनाथ, बुद्धगया. जानेवारीत निघायचं. कल्पना वाईट नाही. मी तीन गाड्या तपासल्या होत्या त्या यासाठीच.

मॅटाडोर डिझेलवर चालते, पत्रा चांगला आहे, आत आई पाय पसरून झोपेल एवढी लांबी आहे. महाराष्ट्र पासिंगची असल्यामुळे कागद इकडं आणायला हेलपाटे पडतील. दुसरी इथल्या एका शाळेची पेट्रोल व्हॅन, तिचं छप्पर इतकं खाली आहे की आत स्टो पेटवू देणार नाही. तिसरी चिकोडीच्या मारुतीराव कंत्राटदारांनी सरकारी लिलावात घेतलेली जुनी स्टेशन वॅगन, जीपच्या बांध्याची. ती पेट्रोल फार पिते आणि मॅटाडोरपेक्षा आखूड आहे, म्हणून मी ती यादीतून काढली. मीसुद्धा मॅटाडोरच सुचवणार होते. म्हणजे निवडीत आप्पांची चूक नाही.

आप्पांच्या उजव्या डोळ्याचं तुला माहीत आहे. काचबिंदूनं त्या बाजूचं दिसणं गेलं आहे आणि ते परत येणार नाही. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी माझ्यासमोर गाडी चालवायला मनाई केली. तरी काल ते चालवत आले. आईला डोळ्याचं काही सांगितलेलं नाही, आणि मीही सांगू नये असं त्यांनी मला दोनदा बजावलं आहे. डेपोतले शामूकाका ड्रायव्हर म्हणून यायला तयार आहेत. पण आप्पा गाडीत असताना दुसऱ्याच्या हातात चाक किती वेळ राहील, हे तूच सांग.

कालची शेवटची बस धरून आले. आज दिवसभर कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. थकले आहे.

वहिनींना जयभीम, बाळाला पापा. तुझी माया आहे, ती पत्रातूनही येत राहू दे.

तुझी,
विशाखा

*

भिलाई
ता. ११ नोव्हेंबर १९८५

चि. विशाखास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझा पंचनामा मिळाला. कारखान्यात नासके सुटे भाग बाजूला काढतेस तशी आमची कलमं काढलीस. तुझ्या वहिनीनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, ताट गाडीत नेऊन दिलं हे सातव्या कलमात कशाला, ते पहिलं पाहिजे.

माझी रात्रपाळी चालू आहे, म्हणून थोडक्यात. आईच्या मनात काय आलं ते मला इथून दिसतं. पाय पुढं करून माणूस घराबाहेर कधी काढतात हे आपल्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक आहे. छप्पन साली आजोबांनी घरातले देव विहिरीत सोडले, पण ही भीती विहिरीत गेली नाही. आप्पांना ते पटणार नाही. ते तिला बावीस प्रतिज्ञा पुन्हा म्हणायला लावतील. तू वाद घालू नकोस. गाडीला डाव्या बाजूनं दार कापता येतं का बघ, म्हणजे फळी डोक्याकडून नेता येईल.

डोळ्याचं मात्र मला पटत नाही. आईपासून किती दिवस लपवणार? पण ते आप्पांनीच सांगितलं पाहिजे, तू मध्ये पडू नकोस. हे लिहिणं सोपं आहे, मी इतक्या लांब आहे, हेही मला कळतं.

पैशाची काळजी नको. जी गाडी ठरवशील ती मला मान्य. तब्येत जप, डबा वेळेवर खा. दादाला विसरत नाहीस तेवढंच पुरे.

तुझा,
कृष्णात

*

निपाणी
ता. १५ नोव्हेंबर १९८५

चि. विशाखास,
सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद वि. वि.

दादाचं पत्र आलं. तू त्याला नंबर घालून रिपोर्ट धाडलास म्हणे. डेपोत गाडी ठोकली की साहेब असाच रिपोर्ट मागायचे. सत्तावीस वर्षांत माझ्यावर तो लिहायची पाळी आली नाही, ती तू आणलीस. आरशाचं कलम गाळलं असतंस तर तुझं शिक्षण वाया गेलं नसतं.

तुझ्या आईला मी शांतपणानं समजावलं. म्हटलं, तानी, पाय पुढं गेले काय आणि डोकं पुढं गेलं काय, आपण हे सगळं सोडून दिलंय. ती व्हय व्हय म्हणाली आणि कूस बदलली. परवा पुन्हा काढलं तर म्हणाली, तुम्ही जाऊन या गयेला, मी घर राखते. आता हिला राखायला घर आहे का घराला राखायला ही, तेच मला कळेनासं झालंय.

पोरी, मिरजेला ती प्लास्टरमध्ये नऊ महिने पडून होती, तेव्हा मी रोज तिला सांगायचो की बरी झालीस की तुला बुद्धगया दाखवतो. तेवढ्या एका शब्दावर ती पडून राहिली. बोललेलं करून दाखवायला माझ्याकडे आता फार वर्षं नाहीत. म्हणून मी विसार द्यायला घाई केली. तुला विचारलं नाही हे चुकलं असेल, पण तू आणखी दोन महिने मापंच घेत बसली असतीस.

दादा म्हणतो तसं बाजूनं दार कापून मिळेल का, ते तुझ्या डोक्यानं बघून कळव. मष्णू रोज येऊन चहा पितो आणि पक्कं कधी म्हणून विचारतो.

डोळ्याचा विषय घरात काढू नको. ती आधीच स्वतःला आमच्या गळ्यातलं ओझं समजते. तिच्यासाठी मी अजून ड्रायव्हरच आहे, तेवढं राहू दे. शामू चालवील. मी मोकळ्या रस्त्याला मधनं मधनं हात लावीन, बाकी नाही.

तुझ्या खोलीशेजारचे माग रात्री तरी थांबतात का? झोप घे. आमच्यावरची माया आटवू नकोस.

तुझे,
आप्पा

*

शहापूर, बेळगाव
सोमवार, ता. १८ नोव्हेंबर १९८५

ती. आईस,
विशाखाचा सविनय जयभीम वि. वि.

हे पत्र शेजारच्या अक्काताई तुला वाचून दाखवतील. शाळा सुटल्यावर त्या येतात तेव्हा आप्पा विहारात असतात, म्हणून त्या वेळेचा हिशेब करून पाठवते आहे.

त्या दिवशी तू चौकट का धरलीस, हे सगळे आपापल्या परीनं सांगत आहेत. दादा एक म्हणतो, आप्पा एक म्हणतात. मला वाटलं होतं की फळीवर तुझ्या पाठीला कळ आली. तुला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी तुझ्या झोपण्याचं माप घेतलं आणि गाडीचं घेतलं.

तर आता विचारते. पाठ दुखली का? पाय पुढं नेले म्हणून भीती वाटली का? की तुला जायचंच नाही? जायचं नसेल तर तसं सांग. मी आप्पांना समजावीन, तुझ्यावर काही येऊ देणार नाही. गाडी घ्यायची की नाही, हे त्यावर ठरेल.

औषधाची बाटली संपत आली असेल, पुढच्या रविवारी आणते. तू जे सांगशील ते अक्काताईंना जसंच्या तसं लिहू दे. माझ्यावर रागावली नसशील असं धरून चालते.

तुझी,
विशाखा

*

निपाणी
ता. २३ नोव्हेंबर १९८५

चि. विशास,
तुझ्या आईचा जयभीम आणि लई लई आशीर्वाद. मी सांगते आणि अक्काताई लिवती. ती मधी मधी शुद्ध करून लिवाय बघती, तवा मी परत वाचून घेते.

तुझं पत्र ऐकलं. दवाखान्यात विचारत्यात तसं विचारलंस, हितं दुखतंय का, तिथं दुखतंय का. तरी विचारलंस ते बरं केलंस. बाकी कुणी तेवढं बी केलं न्हाय.

पाठ दुखली न्हाय. पायाचं म्हणशील तर व्हय, वाटलं. चौघं उचलत्यात, गल्ली बघाय जमलीया, समदी गप. मला वाटलं आता कुणीतरी रडाय सुरू करंल. पण तेवढ्यासाठी मी चौकट धरली न्हाय. तेवढं मी डोळं मिटून सोसलं असतं.

मी आत बघितलं गं. त्या गाडीत मला कुठं निजायचं ते बघितलं. मागं फळी, वर पत्रा, बाजूला पिंप. ह्यो पत्रा बघत मी गयेला जायाचं आणि पत्रा बघत माघारी यायाचं. मग हितंच कौलं बघते की, त्याला डिझेल कशाला.

तुला ठावं न्हाय, तू बारकी होतीस. तुझे आप्पा चिकोडीची गाडी चालवायचे तवा मी माहेराला त्याच गाडीनं जायाची. ड्रायव्हरच्या शेजारच्या बाकावर पाटलाची म्हातारी बसायची. वखारवाल्याचा मुनीम बसायचा. फौजदार आला तर मुनीम उठायचा. मी तिकीट काढून तिसऱ्या रांगंत. ह्यांनीच सांगितलेलं, तिसऱ्या रांगंच्या पुढं यायाचं न्हाय. मी इचारलं न्हाय का म्हणून. मला म्हाईत होतं का ते. पण बसून बसून मला ह्यांची पाठ आणि टोपी तेवढी म्हाईत झाली. तवंदीचा घाट पुढच्या काचंतनं कसा दिसतो ते मी आजवर बघितलं न्हाय.

तवा मला पुढं बसायचंय. ह्यांच्या शेजारी. टेकून का हुईना, पण पुढं. आणि घरातनं माझ्या पायानं जायाचं. धरा दोघी, मी चालते. गया बिया मागनं. आधी तुझी खोली बघू दे, कुठं ऱ्हातीस, काय खातीस. हे तू ह्यांना सांगितलंस तर चालंल.

आता ह्याच्या फुडचं सांगू नगंस. ह्यांच्या उजव्या डोळ्याचं मला कळलंय. पावसाळ्यापासनं कळलंय. ताटात उजव्या अंगाला वाढलेली भाजी तशीच ऱ्हाती. मी अक्काताईला नायतर रांधाय येती त्या सखूला ताट फिरवून ठेवाय सांगते, मग जेवत्यात आणि म्हणत्यात आज भाजी बरी झालीया. त्यांनी गाडी चालवावी असं मी म्हणत न्हाय. शामू चालवू दे, नायतर कुणी बी. पण मला कळलंय हे त्यांना म्हणू नगं. ते सांगतील तवा सांगतील. ड्रायव्हर माणूस हाय, त्यांचं तेवढंच हाय.

अक्काताईनं शब्द दिलाय की हे तिच्या पोटात ऱ्हाईल. तू लई वाळलीस असं दिसलीस त्या दिवशी. दूध घेत जा. आईला पत्र टाकाय वेळ न्हाय म्हणू नगंस.

तुझी,
आई

*

शहापूर, बेळगाव
बुधवार, ता. २७ नोव्हेंबर १९८५

ती. कृष्णातदादास,
सविनय जयभीम वि. वि.

आईचं पत्र आलं. ती यायला तयार आहे. तिला मागं आडवं पडून नव्हे, पुढं आप्पांच्या शेजारी बसून जायचं आहे. पाय कुठल्या दिशेला होते हा मुद्दा होता, पण लहान होता. तुझा अंदाज अर्धा बरोबर, माझा पूर्ण चुकीचा.

यामुळे मॅटाडोर बाद. तिचं इंजिन आत, दोन सीटांच्या मध्ये आहे. वरचं झाकण तापतं आणि डावी सीट एकट्याची, ताठ पाठीची आहे. ती मागं कलवता येणार नाही. चिकोडीच्या स्टेशन वॅगनला पुढं नाक आहे, इंजिन नाकात. आत एकच लांब बाक, या दारापासून त्या दारापर्यंत. त्याची डावीकडची पाठ कापून बिजागरीवर घेतली तर आईला घरी लोड लावून टेकवतो तेवढी मागं नेता येईल. थकली की मागं खाट आहेच. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी गाडीच्या मागच्या बाजूचं माप घेऊन निघून आले होते.

एक गोष्ट फक्त तुला लिहिते आणि घरी पत्रात त्याबद्दल अवाक्षर काढू नकोस. आप्पांच्या डोळ्याचं आईला माहीत आहे. ते तिनं आप्पांना कळू द्यायला मला मनाई केली आहे. आप्पांनी आईला कळू द्यायला मनाई केलेलीच आहे. दर रविवारी मी त्या दोघांच्या मध्ये बसून जेवते आणि तिघंही भाजीबद्दल बोलतो.

तू मध्ये पडू नकोस म्हणाला होतास. मी पडले नव्हते, मला ठेवलं गेलं. यावर सल्ला नको, वाचलंस एवढं पुरे. तुझा लोभ गृहीत धरते.

तुझी,
विशाखा

*

शहापूर, बेळगाव
बुधवार, ता. २७ नोव्हेंबर १९८५

ती. आप्पांस,
सविनय जयभीम वि. वि.

बाजूनं दार कापण्याबद्दल विचारलंत. कापता येईल, पण त्याचा उपयोग नाही. आईला मी विचारलं. तिला मागं झोपून जायचं नाही. तिला पुढं, तुमच्या शेजारी बसून रस्ता बघायचा आहे, आणि घरातून स्वतःच्या पायांनी निघायचं आहे. चिकोडीच्या गाडीत ती तिसऱ्या रांगेत बसायची, त्याची आठवण तिनं सांगितली. रागानं नाही.

यासाठी मारुतीराव कंत्राटदारांची स्टेशन वॅगन योग्य आहे. पेट्रोल जास्त लागेल, पण घाटात जोर चांगला आहे, चौकट सरळ आहे आणि खालून गंज नाही. रविवारी जाऊन पुन्हा तपासते, या वेळी पुढून. मष्णूला थांबवा. विसारातलं काही तो कापून घेईल, ते घेऊ द्या. आरसा आपणच घासला आहे.

रागावू नका. लोभ आहे तो चढउतार न होता राहावा.

तुमची,
विशाखा

*

निपाणी
ता. २ डिसेंबर १९८५

चि. विशाखास,
सप्रेम जयभीम, आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून दोन दिवस फिरलो, मग उत्तर लिहायला घेतलं.

तिसऱ्या रांगेचं तिनं सांगितलं ते खरं आहे. पण त्याला दुसरीही बाजू आहे, ती तुला माहीत असावी. मी डेपोत लागलो तेव्हा आपल्या समाजाचे ड्रायव्हर किती होते? मी आणि संकेश्वरचा एक. गाडीत मी शिट्टी वाजवली तरी तक्रार जायची. बायकोला पुढं बसवली असती तर दुसऱ्या दिवशी साहेबाच्या टेबलावर कागद, की ड्रायव्हर घरची गाडी समजतो. पाटलाच्या म्हातारीला उठ म्हणायची माझी सोय नव्हती, आणि ती बसलीय त्या बाकावर तुझ्या आईला बसवायची तर अजिबातच नव्हती. तिचा अपमान होण्यापेक्षा तिसरी रांग बरी, असं मी ठरवलं. आज तीच वेळ आली तर आजही तेच करीन. एवढं तिनं मनात धरलं असेल हे मात्र ठाऊक नव्हतं.

असो. मष्णूला जबाब दिला. तो दोन दिवस आला नाही, चहापत्ती वाचली. स्टेशन वॅगन घे. जुन्या गाडीला नाक असतं तेच बरं, माणूस समोरून काय येतंय ते नाकावर घेतो.

आता माझं ऐक. तिला माझ्या शेजारी बसायचंय ना? मग मी चालवणार. लांबचा हट्ट नाही. निपाणी ते तवंदीचा घाट आणि परत, सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना. त्या रस्त्यावरचा एकेक दगड मला डोळे मिटून ठाऊक आहे, एका डोळ्याचं काय घेऊन बसलीस. तिची एवढी एक इच्छा आणि माझ्या हातात चाक नाही, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? शामूच्या शेजारी मी पाहुण्यासारखा बसलो तर ती विचारील, तुम्ही का चालवत नाही म्हणून. मग काय सांगू?

एकदाच चालवू दे. पुढं शब्द काढणार नाही. सहा तारखेला विहारात अभिवादनाचा कार्यक्रम आहे, त्या गडबडीत आहे, पण तुझ्या पत्राकडे डोळे आहेत. बापावर विश्वास ठेव, जसा आजवर ठेवलास.

तुझे,
आप्पा

*

शहापूर, बेळगाव
शनिवार, ता. ७ डिसेंबर १९८५

ती. आप्पांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. उत्तर नाही असं आहे. तवंदीच्या घाटातले दगड तुम्हाला पाठ आहेत, पण उजवीकडून अंगावर येणारी लॉरी पाठ करता येत नाही. गाडीत आई असेल. गेल्या महिन्यात तुम्ही आपल्या गल्लीत विजेचा खांब पाहिला नाहीत आणि मी तो प्रसंग दादाला एका ओळीत लिहून मोकळी झाले. तेव्हाच तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं होतं, ते आता सांगते. तुम्ही गाडी चालवायची नाही. निपाणीपासून घाटापर्यंत नाही, गल्लीच्या तोंडापर्यंतही नाही. यावर मी पुन्हा लिहिणार नाही.

बाकीचं असं आहे. स्टेशन वॅगन मी रविवारी पुढून तपासली. बाकाची डावी पाठ कलवण्याचं काम उद्यमबागेतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत होईल. बाकावर तीन माणसं बसतात. डाव्या दाराशी आई, तिला काच आणि बाहेरचं दोन्ही. चालवायला शामूकाका नकोत. त्यांच्या शेजारी बसून तुम्ही त्यांना गियर टाकू देणार नाही, आणि ते तुमच्या हाताखाली शिकलेले असल्यामुळे ऐकून घेतील, म्हणजे दोघं मिळून चालवाल. चालवीन मी. माझं लायसन्स आहे, चार वर्षांपूर्वी तुम्हीच हालसिद्धनाथाच्या माळावर मला शिकवलंत आणि क्लच सोडताना हातावर फटके दिलेत. मी चुकले तर तुम्ही बोला, मी ऐकीन. शामूकाकांइतकं नाही, पण ऐकीन.

मधली जागा तुमची. आईच्या शेजारी, तिच्या उजव्या हाताला. तुमचा डावा डोळा चांगला आहे, म्हणजे तिच्याकडचं तुम्हाला सगळं दिसेल.

रविवार ता. १५ ला सकाळी निघू. घाट ओलांडून बेळगावला माझ्या खोलीवर, तिथं जेवण, आईनं दुपारभर आराम करायचा, संध्याकाळी परत. पाठीला एवढं मानवलं तर गयेचं जानेवारीत बघू. त्यासाठी मी साठलेली रजा मागून ठेवली आहे. साहेबांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

मात्र एक अट आहे. आई विचारील तुम्ही का चालवत नाही म्हणून, आणि काय सांगू असं तुम्ही मला विचारलंत. खरं ते सांगा. गाडी दारात येण्याआधी, घरात, दोघंच असताना. माझ्याकडून ते तिला कळणार नाही, दादाकडूनही नाही. ती काय म्हणेल याचा अंदाज मी लिहीत नाही. तुम्ही तिला चिकोडीच्या गाडीत तिसऱ्या रांगेत बसवलंत त्याचं कारण तिला न सांगता कळलं होतं. हे तरी तुमच्या तोंडून कळू द्या.

मी ऑगस्टपासून हे सांभाळते आहे. आता मला ते पेलत नाही. हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही.

मारुतीराव गाडी शुक्रवारपर्यंत थांबवून ठेवणार आहेत, त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक आहे. तुम्ही आईला सांगितलं की नाही, एवढंच एका कार्डावर कळवा. कार्ड मला गुरुवार ता. १२ पर्यंत मिळालं पाहिजे.

तुमची,
विशाखा